सरांमार्फत

"बाई, जरा थांबता का," असं मागून कोणी म्हणालं तेव्हा इंदू थांबली नाही. माळीवाड्याच्या एस.टी. स्टँडवर सकाळच्या वेळी बाया काय थोड्या असतात. त्यांतल्याच कुणाला तरी ही हाक असेल असं धरून ती भजीवाल्याच्या गाडीला वळसा घालून पुढं निघाली. मग "खरवंडीकरबाई" असं आलं, आणि आवाज ओळखीचा निघाला. गहिनीनाथ दरंदले. सोनईच्या गाडीतून नुकताच उतरलेला, सदऱ्यावर प्रवासाची धूळ, खांद्याला घरच्या भाकरीची पिशवी. कोरडवाहू संशोधन योजनेत तो पिकांचं बघायचा आणि इंदू माणसांचं. त्याला पीकशास्त्र म्हणत, हिला समाजशास्त्र. दोघांची टेबलं एकाच छपराखाली, मध्ये एक भिंत, आणि तरी गेल्या दोन वर्षांत ह्या माणसानं तिच्याशी थेट एक वाक्य बोललेलं तिला आठवत नव्हतं. तो जवळ आला आणि इकडंतिकडं बघून म्हणाला, "एक विचारायचं होतं. मच्छिंद्र औटीच्या रानात, पेरणीच्या आधी काही झालं होतं का? म्हणजे कुणी काही घातलं, टाकलं? तुमचं त्यांच्या घरात जाणं-येणं असतं. अगदी चुलीपर्यंत." त्याचा चेहरा जागरण झाल्यासारखा ओढलेला होता. इंदूनं तो नीट बघून घेतला. मग ती म्हणाली, "सरांमार्फत विचारा." तो "बरं," म्हणाला, आणि पिशवी सावरत गर्दीत मिसळून गेला.

तिला आधी नुसता आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगला पोटभर आनंद झाला. असेच दोन शब्द ह्याच माणसानं दोन वर्षांपूर्वी तिच्या तोंडावर मारले होते, मान वर न करता, कणसातले दाणे मोजत मोजत. तेव्हापासून ते तिच्या आत कुठं तरी तसेच्या तसे पडून होते, आणि आज भर स्टँडवर, काही न ठरवता, तिनं ते परत केले होते. टांगेवाले ओरडत होते, कुणाची तरी कोंबडी सुटली होती, आणि इंदू स्टेशन रोडच्या बाजूला झपझप चालत होती. पण आनंद चौकापर्यंतही टिकला नाही. 'चुलीपर्यंत' हा शब्द तिला टोचत राहिला. एकदा बैठकीत ह्यानंच तिच्या खात्याला चुलीपुढचा विभाग म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. आज तोच शब्द त्यानं अगदी साधेपणानं, गरजेनं वापरला होता. म्हणजे त्याला संशय आला होता. आकडे आपल्या बाजूचे असताना ज्याला झोप लागत नाही तो माणूस सरळ असतो, एवढं तिला कळत होतं, आणि दरंदले सरळ माणूस आहे हे कळून घेण्याची तिची मुळीच तयारी नव्हती. ज्याचा राग करायचा तो पुरता हलकट असला की कसं सोयीचं पडतं. आज बैठक होती. नव्या ज्वारीचं बी चाळीस गावांना धाडायचं की नाही, हे आज अकराला ठरणार होतं. पोळा तोंडावर आला होता. पोळा झाला की रब्बीच्या पेरण्या. एकदा घरात नवं बी आलं की लोक जुनं निवडून ठेवत नाहीत, दळून खातात. मग नवं फसलं, की वर्षाचे दाणेही गेले आणि गुरांचा कडबाही गेला. आणि ते बी कशामुळं एवढं पिकलं, हे नगर शहरात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. तो माणूस आत्ता स्टेशन रोडनं चालत होता आणि पायांत चप्पल चावत होती.

पहिलं वर्ष असं नव्हतं. पहिल्या वर्षी योजनेला एक भाड्याचा बंगला तेवढा होता, आणि त्याच्या दिवाणखान्यात पारशी मालकानं मागं ठेवलेलं टेबलटेनिसचं एक भलंमोठं टेबल. त्या टेबलाभोवती सगळे बसत. एका कडेला दरंदले आपल्या कणसांचे गठ्ठे घेऊन, त्याच्यासमोर मातीवाले, मध्ये आकडेमोड करणारी प्रेमला गंधे, आणि जिथं जागा उरेल तिथं इंदू. भांडणं तर रोजची. पण भांडायला समोर माणूस असायचा. मातीवाला म्हणायचा, तुमची ज्वारी हावरट आहे. दरंदले म्हणायचा, तुमची माती भिकारडी आहे. आणि प्रेमला दोघांच्या मधून हात घालून डब्यातलं लोणचं ओढायची. इंदूनं एकदा सहज सांगितलं, की ह्या गावांतल्या बाया संक्रांतीच्या सुमारास हुरड्याला कणसं मोडतात, सरकारचं रान असलं तरी मोडतात, पाहुणा आला तर नाही कसं म्हणायचं. तेव्हा दरंदले कपाळावर हात मारून हसला होता, आणि पुढच्या खेपेला त्यानं प्रयोगाच्या कडेनं चार ओळी जादा पेरल्या होत्या, खास बायांच्या हुरड्यासाठी. त्यानंच तिला मूठभर माती दाबून सोडायला शिकवलं होतं. ढेकूळ राहिलं तर ओल आहे, फुटलं तर नाही. इंदूला त्या दिवाणखान्याचा वास अजून आठवायचा. ओली माती, वाळका कडबा, प्रेमलाच्या डोक्याचं तेल. तीन माणसं एकदम बोलत असायची आणि तरी कुणाचं काही निसटायचं नाही.

मग डॉ. शामकांत राशिनकर आले. प्रमुख म्हणून. परदेशात राहून आलेले, उंच, बोलताना कधी आवाज न चढवणारे. आल्या आल्या त्यांनी एक तक्ता काढला आणि चौकटीत घालून आपल्या खोलीत लावला. वर एक चौकोन, खाली पाच: पीक, माती, आकडे, माणसं आणि गावोगाव बी पोचवणारा विस्तार. खालच्या प्रत्येक चौकोनातून एक रेघ वर गेलेली. आडवी रेघ एकही नाही. "आडव्या रेघेनं अफवा जातात," सर म्हणाले, "माहिती उभ्या रेघेनं जाते." ऐकायला किती छान. सगळ्यांनी माना डोलावल्या. इंदूनंही डोलावली, कारण तिला वाटलं, आता तरी गोंधळ कमी होईल. टेबलटेनिसचं टेबल सुताराला बोलावून कापलं, त्याची दोन टेबलं झाली. बंगल्याच्या खोल्या वाटून दिल्या. मातीवाल्याला पीकवाल्याकडून काही हवं असेल तर त्यानं सरांना सांगायचं, सर पीकवाल्याला सांगतील, पीकवाल्याचं उत्तर सरांकडे येईल, आणि सरांना योग्य वाटलं तर मातीवाल्याकडे. बैठकीतही तसंच. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं तरी तोंड सरांकडे. पहिल्या पहिल्यांदा लोकांना हसू यायचं. मग हसू गेलं. मग डबे वेगळे झाले. प्रेमला आपल्या खोलीत, दार लोटून घेऊन एकटी जेवू लागली, आणि का म्हणून इंदूनं विचारलं नाही. सर वाईट माणूस होते असं नाही. प्रत्येकाचं ते शांतपणे ऐकून घेत. पण त्यांच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याला वाटायचं, की आपल्या आधी आत गेलेला आपल्याविषयी काही तरी सांगून गेला आहे. आणि तो बहुतेक वेळा सांगून गेलेला असायचाच. नोकऱ्या साऱ्यांच्याच वर्षावर्षाच्या. बोलेल त्याची बोरं विकतील, अशातला प्रकार.

त्याच दिवसांत इंदू कडब्याचं सांगायला दरंदलेच्या खोलीत गेली होती. नव्या ज्वारीचं धाट बुटकं, म्हणजे कडबा कमी. बाया म्हणत होत्या, दाणे आम्ही खाऊ पण बैलानं काय खायचं. साधी गोष्ट होती. तो तिला 'सरांमार्फत या' म्हणाला. त्याच्या आदल्याच दिवशी मातीवाल्याशी ओट्यावर उभ्यानं बोलल्याबद्दल त्याला सरांच्या खोलीत अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं होतं, हे इंदूला नंतर समजलं. समजलं, पण उपयोग झाला नाही. राग एकदा बसला की तो कारणं विचारत नाही. शिवाय त्याच महिन्याच्या बैठकीत, सरांकडे तोंड करून, तो म्हणालाच की, "सर, चुलीपुढच्या विभागाला विचारावं, ज्वारी कशी पेरायची ते." सर किंचित हसले. सर हसले म्हणून सगळे हसले. प्रेमलासुद्धा. तेव्हापासून इंदू त्याला भिंतीपलीकडून ओळखायची. त्याचं खाकरणं, चपला फरफटवणं, दुपारी खुर्ची मागं सारणं. त्या आवाजांचा तिला तिटकारा होता, आणि ज्या दिवशी ते नसत त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागत नसे.

आणि मग ह्या वर्षी, मार्चमध्ये, ज्वारी निघाल्यावर, मुक्ताबाई. पारनेरपलीकडं पठारावरचं गाव. माती मुरमाड, वाऱ्याला आडोसा नाही. मच्छिंद्र औटीच्या रानात योजनेनं दोन तुकडे आखले होते. एकात नवं बी, एकात गावचं देशी, म्हणजे कोण जास्त देतं ते कळावं. नव्यानं दुपटीच्या वर दिलं. दरंदलेचं नाव पुण्यापर्यंत गेलं. इंदू मच्छिंद्रच्या घरी नेहमीसारखी बसली होती, मुक्ताबाई, म्हणजे मच्छिंद्रची बायको, भाकरी थापत होती, आणि बोलता बोलता ती म्हणाली, "येनारच की पीक. आवंदा बसवली हुती ना मेंढरं." कुठं, इंदूनं विचारलं. "त्येच्यातच. सरकारच्या तुकड्यात. पाच-सा रातीं बसली. लई मोठा कळप हुता." धनगराला दाणे देऊन रात्रीची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायची, की लेंड्या-मुतानं रान असं माततं की दोन वर्षं खत लागत नाही, हे त्या भागातलं पोरही सांगेल. पण सरकारच्या तुकड्यात, आणि देशी ज्वारीच्या नाही? मुक्ताबाईला ह्यात विचारण्यासारखं काय तेच कळेना. "आवो, पाव्हणं बी आलं आपल्या रानात. पाव्हण्याला उपाशी ठिवायचं व्हय? आपलं घरचं हाय ते काय, कसंबी येतंय. उद्या सायब लोकांनी म्हनाया नगं, औटीच्या रानात आमचं बी जळालं." मग तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "खत घालू नगा म्हनले हुते. आमी कुठं घातलं? मेंढरं बसली नुस्ती." इंदू हसली. मुक्ताबाईही हसली. तिला वाटलं, बाईंना कौतुक वाटलं. आखणी करून गेलेले लोक पेरायला परत आले तोवर रान कुळवून झालं होतं, वर दोन सरी पडून गेल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, ह्यांनी काही सांगितलं नाही. पाहुणचार कुणी बोलून दाखवतं का?

इंदू सरांना सांगायला गेली होती, हे तिच्या बाजूनं मांडायला हवं. एप्रिलमध्ये, उन्हाच्या वेळी, पंख्याखाली. ती म्हणाली, "सर, औटींच्या रानात पेरणीआधी मेंढ्या—" सरांनी कागदावरून नजर काढली नाही. "मेंढ्या पशुसंवर्धनात येतात," ते म्हणाले, "आणि आपल्या योजनेत पशुसंवर्धन नाही." तिनं पुन्हा सुरुवात केली, की मेंढ्या म्हणजे खताच्या दृष्टीनं. "खत मातीवाल्यांकडे," सर म्हणाले, "त्यांच्याकडून आलं की बघू. तुमच्याकडून मला कुटुंबांची माहिती हवी आहे, ती कधी मिळेल?" त्या वेळी तिला रडू यायला हवं होतं, तर आलं काय, एक गार, घट्ट समाधान. आपण सांगायचं ते सांगितलं. आता दरंदले जाणे आणि त्याची ज्वारी जाणे. बाहेर येऊन ती माठाशी उभी राहिली, दोन पेले पाणी प्यायली, आणि भिंतीपलीकडे त्याचं खाकरणं ऐकत मनात म्हणाली, चढ. अजून वर चढ. उंचावरून पडलास की आवाज मोठा होईल. ह्या गोष्टीत चाळीस गावंही आहेत, मुक्ताबाईही आहे, हे तिला त्या वेळी दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं, तिनं मान दुसरीकडे वळवली होती.

निरोप्याचं काम तिला नवं नव्हतं. श्रीरामपूरला, दोन खोल्यांच्या घरात, तिचे आई-वडील एकमेकांशी बोलत नसत. वडील साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकून. कधी काय बिनसलं ते तिला कोणी सांगितलं नाही. स्वयंपाकघर आणि ओसरी ह्यांत चार पावलांचं अंतर. आई म्हणायची, "इंदे, वडलांना विचार, जेवायला वाढू का." वडील ते ऐकत असायचे, दिसतही असायचे, पण इंदूनं जाऊन म्हटल्याशिवाय त्यांना ऐकू आलेलं नसायचं. "आईला सांग, भूक नाही." आणि मधे इंदू. तिला लवकरच कळलं, की निरोप जसाच्या तसा नेला तर घरात जाळ होतो. मग ती मधल्या चार पावलांत त्याला घासूनपुसून घ्यायची. "भूक नाही" चं "थोड्या वेळानं जेवतो" व्हायचं. कधी तिचंच डोकं फिरलेलं असलं तर उलटंही व्हायचं. त्या घरात सगळ्यांत लहान ती, आणि सगळी सत्ता तिच्या हातात. सर आपल्या खुर्चीत कसे बसतात, कान किंचित पुढं करून, दोन्हींकडचं ऐकत, कुणालाच पुरतं न देता, ते ती बघायची तेव्हा तिला त्यांची जात ओळखू यायची. फरक इतकाच, की पोरगी वाढवून-कमी करून निरोप पोचवत होती तेव्हा पानं तरी वाढली जात होती.

अकराला बैठक बसली. सर टोकाला. मग पगाराप्रमाणं उतरत्या क्रमानं. इंदू शेवटून दुसरी, आणि नेमका आज मातीवाला रजेवर, म्हणून दरंदले तिच्या हातभर अंतरावर. त्याच्या अंगाला एस.टी.चा आणि तंबाखूचा वास येत होता. प्रेमलानं आकडे वाचले, खाली बघून, घाईनं. एवढे चांगले आकडे आमच्याकडे पूर्वी आले नव्हते, असं ती शेवटी म्हणाली, आणि ते कौतुक होतं की आणखी काही, हे तिच्या सुरावरून कळलं नाही. सरांनी ते कौतुकच धरलं. "म्हणजे बी आज जायला हरकत नाही," ते म्हणाले. बाहेर जीपमध्ये पोती चढवत होते, त्याचे धपधप आवाज येत होते. म्हणजे ठरण्याआधीच चढवत होते. तेव्हा दरंदले उठला. बैठकीत उठून उभं राहण्याची पद्धत नव्हती. त्याचे हात टेबलाच्या कडेवर होते. "सर," तो म्हणाला, "खरवंडीकरबाईंना एक विचारावं. औटीच्या रानात पेरणीच्या आधी काही वेगळं घडलं होतं का. त्यांना माहीत असेल." तो तिच्याकडे बघत नव्हता. नियमाप्रमाणं सरांकडेच बघत होता. तिनं स्टँडवर सांगितलं होतं, सरांमार्फत विचारा. आणि ह्या माणसानं ते ऐकलं होतं, सगळ्यांसमोर ऐकलं होतं. ती दोन वर्षं ज्याची वाट बघत होती ते नाक घासणं बहुधा हेच. आणि त्यात गोडी म्हणून नव्हती.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. स्वतःच्या प्रयोगाविषयी माणूस दुसऱ्या विभागाला विचारतो, हे त्यांच्या कुठल्याच रेघेत बसत नव्हतं. ते विचार करत होते ते इंदूला दिसत होतं. टेबलाच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत येताना निरोप कसा घासला जातो, कुठं त्याची धार जाते, हे तिनं जणू डोळ्यांनी पाहिलं. मग ते तिच्याकडे वळून, अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, दरंदल्यांच्या प्रयोगाबद्दल तुमच्या विभागाची काही तक्रार आहे का?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. प्रेमलानं पाहिलं आणि लगेच पेन्सिलीकडे पाहिलं. तिच्या डोक्यात एकाच वेळी बरंच काही येऊन गेलं. तक्रार आहे म्हटलं, तर ती दरंदलेवर उठलेली बाई ठरणार. चुलीपुढच्या विभागानं उट्टं काढलं, असं ह्याच खोलीत आज दुपारपर्यंत म्हणणार. तिची नेमणूक पुढच्या महिन्यात नव्यानं व्हायची होती. हे सगळं खरं, पण ह्यातल्या कशामुळंही ती थांबली नाही. ती थांबली, कारण तिला जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं. इतकं सोपं. कुणी तरी दार उघडून धरावं आणि आपण नुसतं बाहेर पडावं. "नाही सर," ती म्हणाली, "तक्रार काही नाही." शेजारी दरंदलेनं श्वास सोडलेला तिला ऐकू आला. तो खाली बसला. "मंजूर," सर म्हणाले. "पुढचा विषय."

बैठक सुटल्यावर ती व्हरांड्यात आली. जीपमध्ये शेवटची पोती चढत होती. ड्रायव्हर श्रीमंत दोरी आवळत होता. आत सर, काय काय ठरलं ते टंकलेखकाला सांगत होते. त्यांचा एकसुरी आवाज खिडकीतून येत होता. दरंदले तिच्यामागून आला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याकडे बघून हसला, आणि हसल्यावर तो पहिल्या वर्षीसारखा दिसला. "बरं झालं बाई," तो म्हणाला. "नुसता घोर लागला होता. म्हटलं, मुरमाड रानात एवढं येतंच कसं. आता दादाला बिनघोर सांगतो, घरचं वरचं सगळं रान ह्यातच टाक. तो थांबलाच होता माझ्यासाठी." त्याचं हसणं तिला सोसेना. तो हसला नसता तर कदाचित ती गप्प राहिली असती. "मेंढरं बसवली होती," ती म्हणाली. "तुमच्या तुकड्यात. देशीच्या तुकड्यात नाही."

तो सोनईच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याला पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही. "किती रात्री," त्यानं विचारलं. पाच-सहा, ती म्हणाली, मोठा कळप, मुक्ताबाई म्हणाल्या. तो पायरीवर बसला. त्याचे ओठ हलत होते. लेंड्या, रान, दाणे, सगळा हिशोब तो तोंडातल्या तोंडात करत असावा. मग त्यानं मान वर केली. "आत का नाही बोललात?"

"मला तक्रार आहे का विचारलं. माझी तक्रार नव्हती."

"मी काय विचारलं ते ऐकलंत तुम्ही. हातभर अंतरावर बसला होतात."

"ऐकलं," इंदू म्हणाली. "आणि सरांनी काय विचारलं ते तुम्ही ऐकलंत. 'सर, माझा प्रश्न हा नव्हता' असं का नाही म्हणालात?"

त्याच्या कपाळाची शीर उठून आली होती. त्याचा राग बघून तिलाही तेवढाच राग चढला. इतक्या दिवसांनी समोरासमोर, मध्ये भिंत नाही, तर पूर्वीसारखं कडकडून भांडावं, टेबलावर हात आपटावा असं वाटलं. पण दोघंही आवाज दाबून बोलत होते. खिडकी उघडी होती. "आत जा आणि सांगा," तो म्हणाला. "माहिती तुमची आहे." "प्रयोग तुमचा आहे," ती म्हणाली. तो म्हणाला, "मी सांगितलं तर लोक काय म्हणतील? स्वतःच मागितलं, मंजूर झालं, आणि आता स्वतःच—" "आणि मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तक्रार नाही म्हणून आत्ताच लिहून घेतलंय." "मग महिन्याच्या बैठकीत मांडा." "महिन्यानं? तोवर पेरण्या होतील." "मग जा ना आत्ता." "तुम्ही जा." असं ते हळूहळू, दात दाबून, एकमेकांना ढकलत राहिले, आणि दार तिथंच होतं, उघडं, चार पावलांवर. श्रीमंतनं फळी लावली, खीळ घातली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. त्यानं इकडं बघून सवयीनं हात केला. दरंदलेनंही सवयीनं हात वर केला. जीप फाटकातून बाहेर पडली, स्टेशन रोडला लागली आणि धुरळ्यात गेली.

मग दरंदले उठला. पँट झाडली. त्याचा आवाज आता अगदी साधा झाला होता, ठरवून मोकळा झालेल्या माणसाचा. "दुपारच्या गाडीनं घरी निरोप धाडतो," तो म्हणाला. "दादाला म्हणावं, आपलं जुनंच पेर."

"आणि ती चाळीस गावं?"

"ती माझ्याकडं न्हाईत, बाई," तो म्हणाला. "ती विस्तारवाल्यांकडं."

इंदूनं त्याच्याकडे पाहिलं. ह्या वाक्याचा तिला संताप यायला हवा होता. त्याच्या तोंडावर काही तरी फेकून मारावं असं वाटायला हवं होतं. ती त्या रागाची वाट बघत उभी राहिली, पण मनात चाललं होतं ते भलतंच: पारनेरची गाडी किती वाजता सुटते, तिथून पठारावर जायला काही मिळेल का, की चालावं लागेल. मच्छिंद्रच्या घरीसुद्धा आज पोतं उतरणार. मुक्ताबाईला मात्र ती स्वतः जाऊन सांगणार होती, पेरू नका म्हणून. ते गाव तिच्याकडं होतं.